कॅन्सरचा आकडा हाती आला, की आधी छेद शोधा

दर वर्षी ४ फेब्रुवारीला, जागतिक कर्करोग दिनी, माझा फोन सकाळपासून वाजत असतो. कुणी नवखा बातमीदार, कुणी सार्वजनिक आरोग्याची (एमपीएच) विद्यार्थिनी, कुणी संस्थेचा वार्षिक अहवाल लिहायला बसलेला मुलगा. प्रश्न एकच: "ताई, भारतात कॅन्सरचे नवे रुग्ण नक्की किती? एकीकडे १४ लाख दिसतात, दुसरीकडे पावणेसोळा. कोणता टाकू?"

मी अकरा वर्षं एका कॅन्सर रजिस्ट्रीत, म्हणजे कॅन्सरच्या रुग्णांची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयात, सोशल इन्व्हेस्टिगेटर होते. नाव भारदस्त आहे, काम म्हणजे दवाखान्या-दवाखान्यांतून केस पेपर चाळत फिरणं. त्यामुळे माझं उत्तर ठरलेलं असतं: "कोणताही टाक, पण आधी सांग, तो मोजलेला आहे की काढलेला?"

पलीकडे शांतता. ती शांतता दर वर्षी समजावत बसण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवावं म्हणून हा लेख. आरोग्याच्या आकडेवारीत नव्याने पाय ठेवणाऱ्यांसाठी आहे. गणित सातवीतलं पुरेल.

पहिली पायरी: नवे, हयात की मृत?

बातमीत "कॅन्सरचे रुग्ण" असं मोघम लिहिलेलं असतं. त्यातून तीन वेगळे आकडे निघू शकतात. त्या वर्षात ज्यांना पहिल्यांदा निदान झालं ते नवे रुग्ण, म्हणजे इन्सिडन्स. आधी कधीतरी निदान होऊन आज हयात असलेले, म्हणजे प्रिव्हलन्स. आणि त्या वर्षातले मृत्यू. शाळेच्या भाषेत सांगायचं तर यंदा नव्याने नाव घातलेली मुलं वेगळी, शाळेचा एकूण पट वेगळा आणि दाखला काढून गेलेली वेगळी.

फ्रान्समधल्या ल्योंची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था, आयएआरसी, ग्लोबोकॅन नावाचे अंदाज प्रसिद्ध करते. तिच्या २०२२ च्या अंदाजात भारतासाठी नवे रुग्ण १४,१३,३१६ आहेत आणि मृत्यू ९,१६,८२७. मागच्या पाच वर्षांत निदान होऊन हयात असलेले रुग्ण ३२ लाखांच्या वर. तिन्ही आकडे एकाच देशाचे, एकाच वर्षाचे, तरी "भारतात ३२ लाख नवे रुग्ण" असा मथळा मी डोळ्यांनी पाहिला आहे.

आता मोजलेला आणि काढलेला यांतला फरक. आपल्याकडे आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा, राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम आहे, त्याचं काम बंगळुरूची एनसीडीआयआर ही संस्था पाहते. तिचा मोठा अहवाल ऑगस्ट २०२० मध्ये आला. त्यात २०२० साठी १३,९२,१७९ आणि २०२५ साठी १५,६९,७९३ असे नव्या रुग्णांचे आकडे होते. तारखा पुन्हा वाचा. २०२५ चा आकडा २०२० सालीच छापला गेला होता! पुढे २०२२ साठी १४,६१,४२७ हा अंदाज आला, आणि २०२४ साठी सुमारे १५.६ लाख. हे सगळे काढलेले, म्हणजे गणिताने अंदाजलेले आकडे. खरोखर मोजलेली माहिती त्यांच्या तळाशी असते. २०२० च्या अहवालाच्या तळाशी २०१२ ते २०१६ या वर्षांची मोजणी होती, २८ लोकसंख्या-आधारित आणि ५८ रुग्णालय-आधारित रजिस्ट्र्यांमधली. १५.६ लाखांच्या तळाशी २०१५ ते २०१९ मधल्या ७,०८,२२३ केसेस आहेत, ४३ रजिस्ट्र्यांमधल्या.

तेव्हा "१५,६९,७९३" मधल्या शेवटच्या तीनला भुलू नका. गणित करताना तो तसा आला, एवढंच. बातमीत "सुमारे १५.७ लाख" लिहावं.

दुसरी पायरी: ही रजिस्ट्री दाराबाहेर जाते का?

रजिस्ट्र्या दोन जातींच्या. रुग्णालयाची रजिस्ट्री आपल्या दारात आलेल्यांची नोंद ठेवते. लोकसंख्येची रजिस्ट्री एक भौगोलिक हद्द आखून घेते आणि त्या हद्दीत राहणाऱ्या प्रत्येक नव्या रुग्णाला हुडकून काढते, मग तो उपचाराला कुठेही जावो.

परळच्या टाटा मेमोरियलमध्ये उत्तर प्रदेश, बिहार, बंगालपासून माणसं येतात. तिथे यंदा किती आले, यावरून मुंबईत कॅन्सर वाढला की घटला हे कळत नाही. एखाद्या रुग्णालयाने नवी इमारत बांधली, कुठल्या योजनेत त्याचं नाव आलं, की रुग्ण वाढतात. रोग होता तेवढाच असतो. रुग्णालयाचे आकडे निरुपयोगी नाहीत. रुग्ण कितव्या स्टेजला पोहोचतो, कुठले उपचार मिळतात, हे त्यांतूनच दिसतं. फक्त त्यांना छेद नसतो. वर केसेस आहेत, खाली कोणती लोकसंख्या लिहायची?

देशातली पहिली लोकसंख्या-आधारित रजिस्ट्री मुंबईत १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केली, डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने. राष्ट्रीय कार्यक्रम आला तो १९८१ च्या डिसेंबरात. त्यात मुंबई, बंगळूर आणि मद्रास या लोकसंख्येच्या आणि चंदीगड, दिब्रुगड, तिरुवनंतपुरम या रुग्णालयांच्या रजिस्ट्र्या होत्या. सगळी शहरं. खेडं मोजायला घेतलं ते १९८७ साली, आपल्या बार्शीत.

बार्शीचा प्रयोग नवख्याने मुद्दाम समजून घ्यावा. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतली तीनशेहून अधिक गावं घेतली होती. शहरात रजिस्ट्रीचा माणूस रुग्णालयात जाऊन बसला की केसेस सापडतात. इथे माणूस रुग्णालयापर्यंत पोहोचतच नव्हता. अंगावर जातंय, पांढरं जातंय, हे बाई घरात सासूलाही सांगत नसे, मग डॉक्टर दूरच. म्हणून रजिस्ट्रीची माणसं ठरावीक दिवसांनी गावात जायची, सरपंच, मास्तर, दाई यांना भेटायची, लक्षणं समजावून सांगायची, शंका आली तर बाईला बार्शीच्या दवाखान्यात आणायची. मोजायला गेलेली माणसं निदानाला हातभार लावू लागली. काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीपेक्षा लवकरच्या स्टेजला येऊ लागल्या.

महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद, वर्धा, बार्शी, आणि उस्मानाबाद-बीड अशी नावं तुम्हाला तक्त्यांत दिसतील. हो, जुनी नावं. "छत्रपती संभाजीनगर" किंवा "धाराशिव" असं शोधून काही मिळालं नाही म्हणून माहिती नाही असं समजू नका, आधीच्या अहवालांत औरंगाबाद आणि उस्मानाबादच आहे. दुसरी गोष्ट, मुंबईची रजिस्ट्री म्हणजे बृहन्मुंबई. डोंबिवलीचा माणूस रोज व्हीटीला उतरत असेल, बायोप्सी परळला झाली असेल, तरी मुंबईच्या तक्त्यात तो येत नाही.

"अख्ख्या महाराष्ट्रात किती?" या प्रश्नालाही मोजलेलं उत्तर नाही. देशाची जेमतेम १० ते १८ टक्के लोकसंख्या या रजिस्ट्र्यांच्या कक्षेत येते. बाकी सगळं त्यावरून काढलेलं.

तिसरी पायरी: एका केस पेपरच्या मागे चाला

आकडा कसा जन्माला येतो हे एकदा पाहिलं की पुढचे निम्मे गोंधळ आपोआप सुटतात. म्हणून इथे जरा रेंगाळू.

आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी डॉक्टर केस कळवत नाही, रजिस्ट्रीच्या माणसाला ती आणावी लागते. काही राज्यांनी कॅन्सर कळवणं सक्तीचं केलं आहे, तरी पायपीट सुटलेली नाही. सकाळी मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये जायचे. बायोप्सीचं रजिस्टर काढायचं, बोट फिरवत खाली यायचं, "कार्सिनोमा" दिसलं की थांबायचं. मग त्या नंबरावरून रेकॉर्ड रूममध्ये केस पेपर. दुपारी रेडिओथेरपी विभाग. आठवड्यातून एक दिवस महापालिकेच्या जन्म-मृत्यू कार्यालयात, मृत्यूच्या दाखल्यांवर कॅन्सर लिहिलाय का ते पाहायला. प्रत्येक रुग्णामागे एक फॉर्म भरायचा: नाव, वय, पत्ता, किती वर्षांपासून राहतो, कुठल्या अवयवाचा, पेशी कुठल्या प्रकारच्या, निदान कशावरून, तारीख.

समजा, सुमन नावाची बाई आहे. एका दवाखान्यात "सुमन", दुसरीकडे "सुमनबाई", तिसरीकडे माहेरचं आडनाव, कारण कार्ड भावाने काढलं. वय एका ठिकाणी ५५, दुसरीकडे ५८, तिसरीकडे ६०. वयाचं तर विचारूच नका, आपल्याकडची माणसं पाच आणि शून्यावरच म्हातारी होतात. ही एक केस की तीन? नाव, नवऱ्याचं नाव, पत्ता, अवयव, बायोप्सी नंबर असं सगळं जुळवत बसायचं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एकाच आजोबांना दोनदा नोंदवलं होतं, एकदा मराठी केस पेपरवरून आणि एकदा इंग्रजीवरून. वरिष्ठांनी दोन्ही फॉर्म शेजारी ठेवून फक्त माझ्याकडे पाहिलं.

मग प्रश्न राहण्याचा. रुग्ण त्या हद्दीत किमान वर्षभर राहत असला पाहिजे. मुंबईत हे फार महत्त्वाचं. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राज्यभरातले, परराज्यांतले कॅन्सरचे रुग्ण उतरतात, आणि केस पेपरवर पत्ता म्हणून तोच लिहितात, कारण पोस्ट तिथेच येतं. पत्ता पाहून नोंदवला तर दादरमध्ये कॅन्सरची साथ आल्यासारखं दिसेल! म्हणून विचारायचं, "बाबा, गाव कुठलं? इथे कधीपासून?" गावच्या जिल्ह्यात रजिस्ट्री नसेल तर तो माणूस देशात लोकसंख्येच्या कुठल्याच मोजणीत येत नाही. पटायला कठीण वाटतं, पण नियम तोच.

तारखेचंही तसंच. डिसेंबर २०१८ मध्ये सोलापुरात बायोप्सी झाली आणि फेब्रुवारीत उपचार सुरू झाले, तर केस २०१८ ची. स्तनाचा कॅन्सर होऊन चार वर्षांनी हाडांत पसरला, तर ती नवी केस होत नाही, जुनीच, स्तनाच्याच खात्यात. मात्र त्याच बाईला पुढे आतड्याचा स्वतंत्र कॅन्सर झाला तर ती दुसरी केस. त्यामुळे "केसेस" आणि "माणसं" हे आकडे अगदी तंतोतंत एक नसतात.

हे सगळं जुळवायला वेळ लागतो. "२०१६ पर्यंतचीच माहिती का देता, झोपा काढता का?" असं लोक विचारतात. झोपा काढल्या असत्या तर आकडा लवकर आला असता.

चौथी पायरी: छेद, आणि छेदातली म्हातारी माणसं

आता गणित. पंधरा लाखांना १४५ कोटींनी भागा, एक लाखाने गुणा. उत्तर साधारण १०३. म्हणजे दर लाख लोकांमागे वर्षाला शंभराच्या आसपास नवे रुग्ण. याला कच्चा दर म्हणतात, अहवालात "क्रूड रेट". जिल्ह्याला किती खाटा लागतील, किती औषध लागेल, यासाठी हाच दर कामाचा, कारण खरी माणसं तेवढी आहेत.

पण दोन जागांची तुलना करायला तो चालत नाही. का, ते कागदावर करून पाहा. आकडे मी सोयीसाठी घेतले आहेत.

एक कल्पित शहर घ्या, कारखान्यांचं, तरण्याताठ्या माणसांचं. लोकसंख्या १० लाख: चाळिशीच्या आतले ७.५ लाख, ४० ते ५९ चे १.८ लाख, साठीच्या पुढचे ०.७ लाख. दुसरा जिल्हा घ्या कोकणासारखा, कमावती पोरं मुंबईला आणि घरात आजी-आजोबा. लोकसंख्या तेवढीच, पण तीन गट ५.५, २.७ आणि १.८ लाख. आता असं धरा की दोन्हीकडे धोका अगदी सारखा आहे: चाळिशीच्या आत लाखात १०, मधल्या गटात १५०, साठीनंतर ४००.

शहरात केसेस होतील ७५ + २७० + २८०, म्हणजे ६२५. कच्चा दर ६२.५. जिल्ह्यात ५५ + ४०५ + ७२०, म्हणजे ११८०. कच्चा दर ११८. जवळपास दुप्पट! आता यावर "कोकणात कॅन्सरचा विळखा" असा मथळा, मग पाणी, कीटकनाशकं, मोबाइल टॉवर. प्रत्यक्षात धोका काडीनेही वेगळा नव्हता, तिथे फक्त म्हातारी माणसं जास्त होती.

यावर तोडगा म्हणून एक कल्पित "प्रमाण लोकसंख्या" ठरवली आहे. जपानी संशोधक सेगी यांनी १९६० मध्ये मांडली, पुढे ब्रिटिश संशोधक डॉल यांनी ती थोडी बदलली, जगभर तीच चालते. तिच्या एक लाख लोकांत चाळिशीच्या आतले ६८,०००, ४० ते ५९ चे २१,००० आणि साठीपुढचे ११,००० असतात. आपले दर तिला लावा: १० × ०.६८ म्हणजे ६.८, १५० × ०.२१ म्हणजे ३१.५, ४०० × ०.११ म्हणजे ४४. बेरीज ८२.३. शहराचीही ८२.३, जिल्ह्याचीही ८२.३. भांडण मिटलं. अहवालात पाच-पाच वर्षांचे अठरा गट करून हेच करतात आणि त्याला "एज अ‍ॅडजस्टेड रेट", एएआर, म्हणतात.

परदेशातल्या वाचकांसाठी एक सूचना, कारण न्यू जर्सीहून हमखास मेल येतो. अमेरिकेच्या सरकारी तक्त्यांतला दर त्यांच्या स्वतःच्या २००० सालच्या लोकसंख्येवर बेतलेला असतो, सेगींच्या नाही. दोन्ही "एज अ‍ॅडजस्टेड"च, पण शेजारी ठेवले की चूक. तुलना करायची तर ग्लोबोकॅनमधले दोन्ही देशांचे दर घ्या: २०२२ साठी भारत ९८.५, अमेरिका साडेतीनशेच्या वर. शिवाय अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या एकूण आकड्यात त्वचेचे साधे, सहसा न पसरणारे कॅन्सर धरलेले नसतात.

छेदाबद्दल आणखी एक. आपली शेवटची पूर्ण झालेली जनगणना २०११ ची. त्यानंतरच्या प्रत्येक वर्षाचा छेद पुढे ताणलेला अंदाज आहे. झपाट्याने वाढलेल्या शहरांत हा अंदाज चुकला तर दरही चुकतो, वरचा आकडा कितीही चोख असला तरी.

पाचवी पायरी: कमी आकडा दिसला तर आनंदायच्या आधी

२०२० च्या अहवालात पुरुषांमधला सर्वांत जास्त एएआर मिझोरममधल्या ऐझॉल जिल्ह्याचा होता, २६९.४. सर्वांत कमी उस्मानाबाद-बीडचा, ३९.५. स्त्रियांत सर्वांत वर अरुणाचलमधला पापुम पारे, २१९.८, आणि खाली पुन्हा उस्मानाबाद-बीड, ४९.४.

मराठवाड्यातल्या एका प्रशिक्षणात हा तक्ता दाखवला तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हणजे आमची भाकरीच भारी." सगळे हसले. ईशान्येकडे तंबाखूचं प्रमाण आणि खाण्याच्या सवयी यांमुळे दर खरोखरच चढे आहेत, त्यात वाद नाही. आपल्याकडे खेड्यातला धोका शहरापेक्षा कमी असणं, हेही अनेक रजिस्ट्र्यांत दिसतं. पण जिथे बायोप्सीसाठी दुसऱ्या जिल्ह्यात जावं लागतं, जिथे "आजोबा म्हातारपणाने गेले" म्हणून विषय संपतो, तिथे न झालेलं निदान मोजणार कसं? कमी आकड्यात खरी कमतरता किती आणि सुटलेले किती, हे वेगळं काढायला अहवालात काही रकाने असतात. नवखे ते सोडून पुढे जातात. तुम्ही आधी तेच पाहा.

पहिला रकाना, किती टक्के केसेस सूक्ष्मदर्शकाखाली सिद्ध झाल्या. जास्त असणं चांगलं, पण शंभराला टेकला तर मी भुवया उंचावते. मग ही माणसं फक्त पॅथॉलॉजी लॅबमध्येच गेली का? मेंदू, यकृत, स्वादुपिंड यांचं निदान बऱ्याचदा स्कॅनवरच होतं, ते रुग्ण गेले कुठे? दुसरा, किती केसेस फक्त मृत्यूच्या दाखल्यावरून कळल्या. हा फुगला तर रुग्ण जिवंत असताना रजिस्ट्रीला सापडत नाहीत. अगदी शून्य असेल, तर दाखले पाहिलेच नसतील. आणि देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय कारण प्रमाणित झालेले २०२० मध्ये साडेबावीस टक्क्यांच्या आसपासच होते, तेव्हा हा रकाना जपून वाचा. तिसरा, मृत्यू आणि नव्या केसेसचं गुणोत्तर.

याच उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या तपासणीचा जगभर गाजलेला अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणारा विषाणू) चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे त्यातून दिसलं, २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. रजिस्ट्रीच्या माणसांनी गावोगाव फिरून केसेस आणि मृत्यू शोधले नसते, तर हे कळायला मार्ग नव्हता.

सहावी पायरी: दोन संस्था, दोन आकडे

एकूण बेरीज जुळते म्हणून आतली माहितीही जुळेल असं समजू नका. आयसीएमआरच्या २०२० च्या अंदाजात गर्भाशयमुखाच्या नव्या केसेस सुमारे ७५ हजार होत्या. ग्लोबोकॅनच्या २०२२ मध्ये १,२७,५२६. दोन वर्षांत रोग एवढा वाढला नाही. दोन्ही संस्था याच रजिस्ट्र्यांची माहिती वापरतात, पण कुठल्या रजिस्ट्रीला किती वजन द्यायचं आणि रजिस्ट्री नसलेल्या भागाला कुणाचा दर लावायचा, हे आपापल्या रीतीने ठरवतात. शहरांत हा कॅन्सर उतरला आहे, काही भागांत नाही, त्यामुळे वजन बदललं की बेरीज बदलते. एक आकडा ग्लोबोकॅनचा आणि पुढच्या वर्षाचा आयसीएमआरचा घेऊन मधली वाढ काढणं, हे सगळ्यात जास्त वेळा होणारं पाप.

अवयवांच्या गठ्ठ्यांचंही तसंच. आपल्या तक्त्यांत जीभ वेगळी आणि तोंड वेगळं असतं. ग्लोबोकॅन ओठ, जीभ, तोंड सगळं एकत्र बांधतं, तिथे २०२२ चा आकडा १,४३,७५९ आहे. मोठं आतडं आणि गुदाशयही आपल्याकडे दोन ओळींत असतात. म्हणून नावावर न जाता रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातल्या (आयसीडी) कोडवर जा: स्तन सी ५०, गर्भाशयमुख सी ५३, फुप्फुस सी ३४, अन्ननलिका सी १५.

"नऊपैकी एकाला कॅन्सर" हे वाक्यही इथेच सोडवू. ७५ वर्षांपर्यंत जगलं, मध्ये दुसऱ्या कशानेही मृत्यू आला नाही आणि आजचेच दर कायम राहिले, तर नऊपैकी एकाला कधीतरी होईल, असा त्याचा अर्थ. आज घरातली नऊ माणसं मोजू नयेत.

सातवी पायरी: वाढलं म्हणजे काय वाढलं?

२०२० ते २०२५ या पाच वर्षांत १२.८ टक्के वाढ, हे वाक्य तुम्ही वाचलं असेल. ते वरच्या दोन अंदाजांचंच भागाकारातलं रूप आहे. त्यातला मोठा वाटा लोकसंख्या वाढल्याचा आणि लोक जास्त जगू लागल्याचा. धोका वाढला का, हे पाहायचं तर एकाच रजिस्ट्रीचा अनेक वर्षांचा एएआर घ्या, आणि तोही अवयवागणिक. मुंबईसारख्या ठिकाणी स्तनाचा चढता आणि गर्भाशयमुखाचा उतरता असं दिसतं, एकूण बेरजेत दोन्ही हरवतात.

निदान वाढल्यानेही आकडा चढतो. दक्षिण कोरियात तपासणीच्या पॅकेजमध्ये गळ्याची सोनोग्राफी स्वस्तात मिळू लागली, आणि २०११ मध्ये थायरॉइड कॅन्सरचं प्रमाण १९९३ च्या पंधरापट झालं. मृत्यू जिथे होते तिथेच राहिले. उलट बाजूही पाहा: मार्च ते मे २०२० मध्ये देशातल्या ४१ केंद्रांवर नव्या रुग्णांची नोंद आदल्या वर्षापेक्षा ५४ टक्क्यांनी घटली. लॉकडाऊनमध्ये गाठी यायच्या थांबल्या नव्हत्या, गाड्या थांबल्या होत्या.

मृत्यूचा आकडा शेजारी ठेवायची सवय त्यासाठीच लावा. २०१५ ते २०१९ च्या मोजणीत केसेसपैकी ५१.१ टक्के स्त्रियांच्या, पण मृत्यूंपैकी ४५ टक्केच. स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर वेळेत सापडला तर बाई वाचते. पुरुषांत तोंड आणि फुप्फुस पुढे, आणि ते बहुधा उशिरा सापडतात.

आता स्वतः करून पाहा

एनसीडीआयआरच्या संकेतस्थळावरचा अहवाल फुकट उतरवता येतो. पहिल्यांदा देशाचं पान उघडू नका. तुमच्या जवळच्या रजिस्ट्रीचं पान काढा, पुणे घ्या किंवा वर्धा. वहीत पाच गोष्टी लिहा: वर्षं कोणती, हद्द कोणती, केसेस किती, एएआर किती, आणि दर्जाचे ते तीन रकाने काय म्हणतात. मग स्त्री आणि पुरुषांचे पहिले पाच अवयव. तासाभराचं काम आहे. यानंतर ग्लोबोकॅन उघडा आणि भारताचे पहिले पाच अवयव शेजारी लिहून फरक पाहा.

बातमी लिहायची असेल तर मी मुलांना एक वाक्य पाठ करायला देते: "आयसीएमआरच्या अंदाजानुसार २०२५ मध्ये देशात कॅन्सरचे सुमारे १५.७ लाख नवे रुग्ण असतील; हा अंदाज २०१२ ते २०१६ दरम्यान २८ रजिस्ट्र्यांनी केलेल्या मोजणीवर आधारलेला आहे." लांब आहे, संपादक अर्धविरामानंतरचं कापतात. मागच्या फेब्रुवारीत एका मुलीने ते वाक्य उलटं लिहिलं, मोजणी आधी आणि अंदाज नंतर. तिचं पूर्ण छापून आलं.